वॉल्टर, मी आणि पालथं झोपणं

घरी आल्यापासून जो तो मला एकच विचारतोय, "मग, काय शिकलास यातून?" जसा काही मी हॉस्पिटलात नव्हतो, कोर्सला गेलो होतो. काही शिकलो नाही बाबांनो. पालथं झोपायला शिकलो, तेही वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, शिव्या देत देत. ज्यांच्या घरात आत्ता कुणी कोविडनं पडलेलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. यात औषधांची नावं नाहीत, ती डॉक्टरला विचारा. 'खंबीर राहा' वगैरेही नाही. मी अजिबात खंबीर नव्हतो. मी चिडलेला होतो, आणि माणूस चिडचिड करत करतसुद्धा बरा होऊ शकतो, एवढं सांगण्यापुरता माझा उपयोग आहे.

मीठ

मी क्वेकर्स हिलला राहतो. सिडनीला शिकायला म्हणून आलो, मास्टर्स केलं, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, आणि आता एका मोठ्या वेअरहाउसमध्ये सामान वाहणाऱ्या पट्ट्यांच्या मेंटेनन्सचं बघतो. आमच्या भागात तेव्हा सगळ्यात कडक लॉकडाउन होता. बागेत बाकावर बसायचं नाही, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. पण कामाला जायचं! कारण लोकांना टॉयलेट पेपर लागतो. म्हणजे मोकळ्या हवेत बसलं की दंड, आणि बंद शेडमध्ये शेकडो माणसांबरोबर आठ तास काढले की तुम्ही देशसेवक. लशीचा एक डोस झाला होता, दुसऱ्याची अपॉइंटमेंट तोंडावर आली होती. तेवढ्यात गाठलंच त्यानं.

स्वॅब दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खात होतो आणि बायकोला, मंजिरीला, म्हणत होतो, "मीठ घालायचं विसरलीस का?"

"मीठ आहे, लिंबू आहे, साखरसुद्धा आहे. तोंड तपासून घे स्वतःचं."

तेवढ्यात मेसेज आला. मी वाचला आणि फोन तिच्याकडे सरकवला. तिनं वाचला, मग हळूच म्हणाली, "मीठ होतं रे." वाद जिंकल्यावर तिला इतकं वाईट वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला मागच्या खोलीत टाकलं. आमची लेक इरा अकरा वर्षांची. ती दाराबाहेरून ओरडली, "बाबा, आर यू गोइंग टु डाय?"

"नाही गं."

"ओके. कॅन आय हॅव युअर चार्जर देन?"

मग डबे सुरू झाले. टूनगॅबीपासून ब्लॅकटाउनपर्यंत जेवढी म्हणून मराठी घरं आम्हाला ओळखतात, त्या सगळ्यांनी दाराशी डबे आणून ठेवले, आणि सगळ्यांत मुगाची खिचडी. एकानंही श्रीखंड आणू नये? शिवाय काढे. आलं, मिरी, दालचिनी, गवती चहा. घशाची पार साल निघाली. कुणी म्हणे वाफ घे, कुणी म्हणे वाफ घेऊ नकोस, फुप्फुसात उतरते. एकानं मला शंख वाजवायचा सल्ला दिला. मला जिना चढताना धाप लागत होती आणि हा म्हणतो शंख वाजव.

आता त्या नेहमीच्या गोष्टीकडे येतो. आपल्याकडे कुणी आजारी पडलं की पहिली गोळी पेशंटला आणि पहिली थाप घरच्यांना. माझी आई साताऱ्याला असते, मोठ्या भावाकडे, अविदादाकडे. मंजिरीनं, दादानं आणि मी तिघांनी मिळून एका फोनवर ठरवून टाकलं, आईला सांगायचं नाही. तिला बीपी आहे, ती काळजी करेल, इतक्या लांबून ती काय करणार. आईला सांगितलं की सुहासला रात्रपाळी लागली आहे, दिवसभर झोपलेला असतो. आई म्हणाली, "बरं बरं, झोपू दे त्याला." इतक्या पटकन 'बरं' म्हणणारी माझी आई नव्हे, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण डोकं ठिकाणावर होतंच कुठे!

शेजार

मग एका दुपारी बाथरूमपासून पलंगापर्यंत येताना मी मधेच खाली बसलो आणि उठेचना. मंजिरीनं अँब्युलन्स बोलावली. नखशिखांत प्लास्टिक घातलेला एक उंच गोरा माणूस आत आला आणि म्हणाला, "हाउ यू गोइंग, मेट?" मग त्यानं माझ्या बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला, आणि 'नो वरीज' म्हणाला नाही. इथे पाय मोडला तरी 'नो वरीज' म्हणतात. तो म्हणाला नाही, तेव्हा मी खरा घाबरलो. मंजिरी दारात उभी होती, तिलाही आता लागण झालेली, तिला बरोबर येता येत नव्हतं. इरा खिडकीतून बघत होती. या वेळी तिनं काहीच मागितलं नाही.

वॉर्डात दोन खाटांची खोली. एका खाटेवर मी, आणि दुसऱ्या खाटेवर वॉल्टर.

वॉल्टर पंचाण्णव वर्षांचा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या सैन्यातून इकडे आला, लढाई संपल्यावर ब्रिस्बेनच्या एका मुलीशी लग्न केलं आणि इथलाच होऊन गेला. डोक्याला लोकरीची टोपी, कानात यंत्र, आणि आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाला सुद्धा कळावं. त्याच्या नर्सिंग होममध्ये साथ शिरली म्हणून त्याला आणला होता. त्याला म्हणावा तर साधा खोकला. दोन्ही डोस झालेले, ऑक्सिजन नाही, काही नाही. शतकाला टेकलेला माणूस बसून जेली खातोय, आणि त्रेचाळीस वर्षांचा मी नाकात जाड नळ्या घालून पडलोय. त्या नळ्यांतून गरम, दमट हवा इतक्या जोरात येते की पंख्याशी तोंड लावून बसल्यासारखं वाटतं. राग येणार नाही तर काय!

आणि वॉल्टर बोलायचा. मला बोलता येत नव्हतं, चार शब्द झाले की दम संपायचा. त्याला माझं ऐकू येत नव्हतं. म्हणजे त्याच्या दृष्टीनं मी अगदी आदर्श श्रोता. जेवणाआधी युद्ध, जेवणानंतर युद्ध. आमची नर्स जोसी फिलिपिन्सची होती, उत्तरेकडच्या डोंगरांतली, आणि योगायोगानं हा तिथेच लढलेला. ती आत आली की हा सुरू. "जोसी, मी तुझ्या डोंगरात होतो!"

"हो वॉल्टर. सकाळीच सांगितलंत."

"पाऊस पडायचा. सारखा."

"अजूनही पडतो, वॉल्टर."

पालथं

आता पालथ्या झोपण्याबद्दल. डॉक्टरांनी सांगितलं, पोटावर झोपा, दिवसातला होईल तेवढा वेळ. पाठीवर झोपलं की फुप्फुसाचा मागचा भाग दबलेला राहतो, पालथं झोपलं की तो मोकळा होतो. फक्त तेवढ्यानं कितीतरी लोक व्हेंटिलेटरच्या मशीनपासून वाचले, असं ती तरुण डॉक्टर म्हणाली. मास्क आणि काचेच्या मागे तिचे डोळे तेवढे दिसायचे. ती पुढे म्हणाली, "हे नाही जमलं, तर तुम्हाला झोपवून घशात नळी घालावी लागेल. ते आम्हाला टाळायचंय."

घशात नळी. मी घरात अशा दोन माणसांची नावं ऐकली होती, आणि दोघांच्याही फोटोला नंतर हार होता. तेव्हा मला काय हवं होतं ते अगदी स्वच्छ होतं. मला ती नळी नको होती. बाकी सगळं चाललं असतं.

आणि तरी मला पालथं झोपता येत नव्हतं! ऐकायला किती सोपं वाटतं ना. झोपून बघा. नाकातल्या नळ्या गालात रुततात, मान एका बाजूला आखडते, पोट सुटलेलं, त्यामुळे मधे डोंगर. छाती दाबली गेली की जीव गुदमरतो आणि मन ओरडतं, उलटा हो, उलटा हो. मी थोडा वेळ कळ काढायचो आणि उताणा व्हायचो. जोसी यायची, म्हणायची, "सुहास, टमी टाइम!" तान्ह्या बाळांना म्हणतात ते मला म्हणायची. मी पुन्हा पालथा. ती गेली की पुन्हा उताणा. मला लाज वाटायची आणि लाजेचाही राग यायचा.

त्यातच गणपती आले. मंजिरीनं घरात इराला बरोबर घेऊन गणपती बसवला, आणि आमच्या मराठी ग्रुपनं माझ्यासाठी ऑनलाइन अथर्वशीर्षाची आवर्तनं ठेवली. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. फोन कानाशी ठेवून मी पालथा पडलो. तीसेक घरांतून तीसेक लयींत अथर्वशीर्ष. कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देतोय, आणि कुणीतरी माइक चालू ठेवून नवऱ्याला म्हणतंय, "त्याचं फार सिरियस आहे म्हणे." मी ऐकतोय गं बाई! मी इथेच आहे!

समोर टीव्ही चालू असायचा. त्यावर रोज एकच, आता सगळं संपत आलं, लस घेतलेल्यांना पिकनिकला परवानगी, लवकरच सगळं उघडणार. बायका गवतावर चादर पसरून चीज खात होत्या. वॉल्टरनं ते पाहिलं आणि तो हसला.

"युद्धात सगळ्यात वाईट वेळ कुठली, सांगू?" तो म्हणाला. "शेवटची. सुरुवातीला सगळ्या जगाचं लक्ष तुमच्याकडे असतं. शेवटी तिकडे पार्टीची तयारी झालेली असते, आणि तुम्ही अजून चिखलातच."

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचं बोलणं कान देऊन ऐकलं.

पीच

तो अठरा वर्षांचा असताना त्याला फिलिपिन्सला पाठवलं. युरोपातली लढाई संपत आली होती, पेपरात रोज विजयाच्या बातम्या होत्या. गावातला प्रत्येक जण त्याला म्हणाला, तू पोचेपर्यंत सगळं आटपलेलं असेल. तो पोचला तर डोंगरात अजून प्रत्येक वळणावर माणसं मरत होती. हा बदलीचा सैनिक. म्हणजे कुणीतरी मेला किंवा जखमी झाला की त्याच्या जागी एकटा उचलून टाकलेला नवा पोरगा. जुन्या लोकांनी त्याला खायला दिलं, कुठं वाकायचं ते दाखवलं, पण नाव विचारलं नाही.

"वाईट नव्हते ते," वॉल्टर म्हणाला. "नवे पोरगे आधी मरायचे. किती जणांची नावं पाठ करणार? नाव कळलं की त्रास होतो."

एका संध्याकाळी त्याच्या खड्ड्यात आणखी एक नवा पोरगा आला. दोघांनी मिळून खड्डा खोल केला. तो पोरगा घाबरून बडबडत होता, म्हणून वॉल्टरनं त्याला आपला पीचचा डबा दिला, आणि त्यानं तो सगळाच्या सगळा संपवला, रस सुद्धा पिऊन टाकला. सकाळी तो मारला गेला. नाव दोघांनीही विचारलं नव्हतं, तशी पद्धतच पडली होती.

काही आठवड्यांत युद्ध संपलं. सैन्याबरोबरचा पाद्री छावणीत फिरून नावं पुकारत होता, अमक्याला कोणी ओळखत होतं का, त्याची आई विचारतेय. तमक्याला कोणी? तिला तारेची एक ओळ मिळाली होती, तुमचा मुलगा गेला. तिला आणखी काहीतरी हवं होतं, काहीही.

"मी काय सांगणार? यातलं कुठलं नाव त्याचं होतं?" वॉल्टर म्हणाला. "त्यानं माझे पीच खाल्ले, एवढं तरी त्या बाईला कळायला हवं होतं. पण आमच्याकडे रीत अशी होती की मेल्याशिवाय घरी काही कळवायचं नाही. तोपर्यंत सगळं छान. माझ्या आईलाही मी तसंच लिहायचो. सगळं छान."

 मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझी आई आहे?"

मी मान हलवली.

"तू इथे आहेस ते माहितेय तिला?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यावर त्यानं काही म्हणावं ना! नाही. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि गप्प पडून राहिला. इतके दिवस ज्याच्या बडबडीनं माझं डोकं उठलं होतं, त्याचं गप्प बसणं मला जास्त बोचलं.

फोन

त्याच दिवशी संध्याकाळी ती तरुण डॉक्टर आली. स्टूल ओढून बसली. डॉक्टर बसले की समजावं. ती म्हणाली, "तुमचा ऑक्सिजन वाढवत वाढवत आम्ही टोकाला आणलाय. सकाळपर्यंत असंच राहिलं तर आयसीयूत नेऊ आणि नळी घालू. घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या."

मंजिरीशी बोललो. म्हणजे ती बोलली, मी हुंकार दिले. मी म्हटलं, "आईला... फोन करतो."  ती म्हणाली, "कर. कर तू."

साताऱ्यात दुपार होती. आईनं पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, मी... हॉस्पिटलमध्ये..."

"माहितेय मला. आणि असा उताणा कशाला पडलायस? पालथा हो आधी."

मी फोनकडे बघतच राहिलो. व्हिडिओ चालू होता. आईनं चष्मा वर केला.

"पहिल्या दिवसापासून माहितेय. मंजिरी रोज सांगते मला. तू मला फसवतोयस या समाधानात तुला राहू दिलं, म्हटलं तेवढंच त्याला बरं वाटतंय तर वाटू दे. हो पालथा. आता काय मुहूर्त बघतोयस?"

मी झालो पालथा. करतो काय!

"उशी छातीखाली नको. काढ ती. एक छातीच्या वर, खांद्याशी, एक कमरेखाली. पोट लोंबतं राहिलं पाहिजे. उजवा हात वर डोक्याशी, डावा खाली. मान वरच्या हाताकडे. थोड्या वेळानं मी सांगेन तेव्हा बाजू बदल. जीव घाबरला तर श्वास आत घ्यायच्या मागे लागू नकोस, बाहेर सोडायच्या मागे लाग. आत आपोआप येतो."

पोटाखालची ती पोकळी! इतके दिवस पालथं व्हायचं म्हणजे मी छातीखाली उशी घेऊन स्वतःलाच दाबत होतो. जोसीनं सांगितलं असेल, फिजिओनं दाखवलं असेल, पण मी कुणाचं नीट ऐकलंच नव्हतं. आईचं न ऐकण्याची मात्र सोय नसते. तुम्ही कितीही दूर असा, तिचा आवाज मानगुटीवर असतो.

आणि आई फोनवरच राहिली. तिनं फोन भाजीच्या टोपलीला टेकवून ठेवला आणि कामं करत बोलत राहिली. शेजारच्या जाधवांनी पाण्याच्या टाकीवरून कसं भांडण काढलं, पाटलांच्या सुनेनं नोकरी कशी सोडली, दादा गाडी कशी लावतो आणि कशी लावायला हवी. मधेच ओरडायची, "बाजू!" मी बाजू बदलायचो. "हलू नकोस. मला दिसतंय." मी मधे एकदा म्हटलं, "आई... बास." ती म्हणाली, "बास काय? तुला बोलायला कोण सांगतंय? मी बोलतेय." वॉल्टरनं कानातलं यंत्र नीट बसवून ऐकलं आणि जोसीला विचारलं, "ही कोण? मेट्रन?" जोसी म्हणाली, "त्याची आई." वॉल्टर म्हणाला, "तिला माझ्या पलंगाकडे वळवू नका." हसताना मला खोकल्याची उबळ आली, आणि त्यावरून आईनं मलाच झापलं.

आई जेवायला गेली तेव्हा दादा फोनवर बसला. दादाला दटावायला जमत नाही, तो नुसता म्हणायचा, "आहेस ना?" मी 'हं' म्हणायचो. मग आई परत आली. अशीच सकाळ झाली.

डॉक्टर आली, आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. पोटावर पडल्या पडल्या मला तिचे बूट तेवढे दिसत होते. "ऑक्सिजन जरासा कमी करता येतोय," ती म्हणाली. "खूप नाही, पण कमी होतोय. तुम्ही इथेच थांबा. जे करताय ते करत राहा."

मी काय करत होतो? शिव्या खात होतो.

एप्रिल

त्यानंतर रोज थोडा थोडा ऑक्सिजन उतरत गेला. एका सकाळी मला खुर्चीत बसवलं. पाय थरथरत होते, पण बसलो. वॉल्टर अजून तिथेच, कारण त्याचं नर्सिंग होम त्याला परत घ्यायला अजून तयार नव्हतं. तो भयंकर चिडला होता. म्हणाला, "जपान्यांनी शरणागती पत्करली, पण हे लोक ऐकत नाहीत."

आता दम टिकत होता म्हणून मी आईला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग मनात बरेच दिवस अडकलेलं विचारलं.

"आई, पालथं झोपायचं तुला इतकं कसं माहीत गं? त्या उशा, तो श्वास. व्हिडिओ बघितलास का?"

 मागे कुठेतरी दादा म्हणाला, "सांगून टाक आता."

"एप्रिलात मला झाला होता," आई म्हणाली. "इथं मंगल कार्यालयात खाटा टाकल्या होत्या, तिथं होते. सिलिंडर मिळाला एकदाचा, दादानं कुठून आणला देव जाणे. तिथली एक पोरगी शिकवायची सगळ्यांना पालथं व्हायला. आम्ही दोन रांगांत पालथ्या, शाळेतल्या आसनपट्ट्यांसारख्या."

एप्रिलात मी रोज फोन करत होतो. रोज! आई झोपलीय. आई देवळात गेलीय. आईच्या फोनचं चार्जिंग गेलंय. आणि मी, मूर्ख, खूश, की या वयात आई देवळात जातेय, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

"मंजिरीला माहीत होतं?"

"हो."

"इराला?"

"तिनं मला चित्र काढून पाठवलं होतं."

म्हणजे अख्ख्या घरात एक मीच. मला इतका संताप आला की बोटावरचं मशीन वाजायला लागलं. जोसी दारातून डोकावून गेली.

"तुम्हा लोकांना काही वाटतं का? मला सांगायचं नाही?"

"सांगून काय केलं असतंस?" आईचाही आवाज चढला. "विमानं बंद, तुमचं सरकार आत घेईना की बाहेर सोडेना. तिथं खिडकीत बसून रडला असतास. आणि मी इथं श्वास घ्यायचं सोडून तुझी काळजी करत बसले असते. तू नाही का लपवलंस? कुणाचं शिकलास?"

"अगं पण काही झालं असतं तर?"

"तर सांगितलंच असतं की," आई म्हणाली, अगदी सहज. जणू दूध नासलं असतं तर नवीन आणलं असतं.

मी फोन मांडीवर ठेवला.  वॉल्टर केव्हापासून माझ्याकडे बघत होता. "काय म्हणाली?" त्यानं ओरडून विचारलं.

मलाही ओरडूनच सांगावं लागलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "माझी आई एप्रिलात मरता मरता वाचली. मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणते, मेली असती तर सांगितलं असतं."

वॉल्टरनं मान डोलावली. "हं," तो म्हणाला. "तेव्हाच सांगतात."

मग मला रडू आलं. लपवत नाही. रडल्यावर नाक चोंदतं आणि नळ्या असल्या की ते फार त्रासाचं होतं, तेवढं मात्र ध्यानात ठेवा. फोनमधून आईचं "हॅलो, हॅलो, गेला का रे आवाज?" चाललं होतं. मी नाक पुसलं आणि फोन उचलला.

"आई, आता सांग."

"काय सांगू?"

"सगळं. तुला पहिल्यांदा कधी वाटलं तिथपासून. दादानं तुला कशात बसवून नेलं, शेजारच्या खाटेवर कोण होतं, तिचं नाव काय, तुला भीती वाटली का. सगळं."

"अरे, झालं गेलं ते. आता कशाला?"

"आई!"

"बरं बाबा, ओरडू नकोस, तुझं ते मशीन वाजेल."  खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "शेजारच्या खाटेवर शकुंतला होती, कोरेगावची. आणि सकाळी नाश्त्याला उपमा द्यायचे. रोज उपमा. आणि सुहास, तुला सांगते, त्यात मीठ म्हणून नसायचंच. मी त्या पोरीला रोज म्हणायची, अगं मीठ घालायला विसरतात का हे लोक..."

मी तिला थांबवलं नाही.